काढले : एक

ठकी चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ठकीच राहिली. किनाऱ्यावरच्या अभ्यासकेंद्रात तिला मोजणीताई म्हणत, कारण महिन्यातून एकदा, सर्वांत मोठ्या ओहोटीच्या सकाळी, ती दोन खडकांवरचे तारामासे मोजायची. एकोणीस वर्षं तिचं हे काम चाललं होतं. त्याआधी बारा वर्षं तेच काम तिच्या वडिलांनी केलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा पटाशी, लोखंडी चौकट आणि वह्यांचा गठ्ठा लेकीच्या हवाली करून ते दुर्बीण घेऊन खिडकीशी बसले, ते अजून तिथेच होते. लोक लेकीला दागिने देतात, आमच्या बाबांनी दोन खडक दिले, असं तिचा दादा म्हणायचा. ठकी त्यावर हसायचीसुद्धा. गेल्या वर्षभरात मात्र तिला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

ओहोटी सव्वाआठची होती आणि बाईसाहेब सहापासून घरभर फिरत होत्या. पिशवी तीनदा भरून झाली, तीनदा उपसून झाली. बूट घातले, काढले, आतली वाळू झटकली, परत घातले. चहा ओतून घेतला आणि ओट्यावर विसरला.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" खिडकीतून बाबा म्हणाले. "बस जरा. तू लवकर गेलीस म्हणून समुद्र लवकर मागे सरणार नाही."

"बसते," ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला लागली. टोक आधीच केलेलं होतं.

तिची घालमेल कशासाठी होती ते बाबांनाही ठाऊक होतं, त्यामुळे ते परत दुर्बिणीकडे वळले. आजची मोजणी शेवटची ठरणार होती. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर बाबांनीच आपल्या टपोऱ्या अक्षरात नियम लिहून ठेवले होते. मोजणाऱ्याने लिहायचं नाही. लिहिणाऱ्याने खडकाला हात लावायचा नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही. आणि सगळ्यात खाली: सलग बारा महिने शून्य आलं तर मोजणी बंद करावी. त्या काळी खडकावर पाऊल टेकवायला जागा शोधावी लागे इतके तारामासे असायचे, त्यामुळे हा शेवटचा नियम त्यांनी जवळजवळ गमतीत लिहिला होता. आता अकरा शून्यं झाली होती.

खडक दोनच. एकाला घरात आणि केंद्रात 'भरला खडक' म्हणत, दुसऱ्याला 'मोकळा'. भरल्या खडकावरचे तारामासे नुसते मोजायचे आणि तिथेच राहू द्यायचे. मोकळ्या खडकावरचे मोजायचे, उपटायचे आणि पलीकडच्या घळीत फेकून द्यायचे. तारामासा नसला तर किनाऱ्याचं काय होतं ते बाबांना बघायचं होतं, आणि ते त्यांना तीन वर्षांतच दिसलं होतं. तारामासा काळे शिंपले खातो. शिंपल्यांवर बसायचं, पाचही हातांनी दोन झडपा ओढून धरायच्या, दमवायचं, आणि झडप जराशी किलकिली झाली की आपलं पोट बाहेर काढून त्या फटीतून आत सोडायचं आणि आतल्या आत जेवून घ्यायचं, असं त्याचं जेवण. पाहुणा म्हणून बोलावावा असा प्राणी नव्हे. पण तो खातो म्हणून शिंपले खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहतात, आणि खालच्या पट्ट्यात इतरांना जागा मिळते: समुद्रफुलांना, लाल शेवाळाला, टोपीसारख्या शंखांना, नखाएवढ्या खेकड्यांना. भरल्या खडकावर अठ्ठावीस प्रकारचे जीव होते. मोकळ्यावर शिंपलेच शिंपले, इथूनतिथून काळे.

घळीत फेकलेले तारामासे पंधरावीस दिवसांत परत यायचे, म्हणून तर दर महिन्याला काढावे लागत. एक हात अर्धा तुटलेला जुना तारामासा एका वर्षात सहा वेळा परत आला होता. बाबा त्याला भाडेकरू म्हणत. "हा जागा सोडणार नाही," असं म्हणत ते त्याला दरवेळी घळीत पोचवून यायचे.

मग पंधरा महिन्यांपूर्वी भरल्या खडकावर ठकीला एका तारामाशाच्या हातावर पांढरा डाग दिसला, चुन्याचं बोट लागावं एवढा. त्या दिवशीची मोजणी होती एकशे त्रेचाळीस. पुढच्या महिन्यात एकसष्ट, आणि त्यांतले अर्धे पिळवटलेले. ते खडकावरची पकड सोडून लोंबत होते. काहींचे हात अंगापासून सुटून एकेकटेच चालत निघाले होते. असा एक हात तिच्या बुटाजवळून गेला तेव्हा ठकीने तोंड फिरवलं. घरी येऊन तिने बाबांना विचारलं, "सुटून चाललेल्या हाताला काय धरू? एक धरू, का धरूच नको?"

बाबांनी बराच वेळ दुर्बिणीची काच पुसली. "ज्याच्याकडे तोंड आहे त्यालाच धर," ते म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात नऊ. चौथ्यात दोन. मग शून्य. रोग पाण्यातून आला, एवढंच केंद्राला सांगता आलं. ठकीने हातमोजे उकळले, चौकट उकळली, बूट फेकून नवे घेतले. आपणच तर एका खडकावरून दुसऱ्या खडकावर नेला नाही ना, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यानंतर ती कुठेही फार वेळ बसू शकली नाही.

आणि शिंपले खाली उतरायला लागले. आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर. चौकटीच्या जागा कळाव्यात म्हणून बाबांनी दोन्ही खडकांत बोल्ट ठोकले होते; भरल्या खडकावरचे एकेक करून शिंपल्यांखाली गेले. ठकी बोटांनी चाचपून ते शोधायची. मागच्या महिन्यात अठ्ठावीसांतले अकराच जीव उरले होते. मोकळा खडक आणि भरला खडक असं आता काही राहिलंच नव्हतं. सगळा किनारा मोकळा खडक झाला होता.

केंद्रातल्या नव्या मॅडमनी तेच कागदावर मांडलं होतं. दोन्ही खडक सारखेच असतील तर तुलना कशाची करायची? बाई वाईट नव्हत्या, नुसत्या घाईत असायच्या. नेहमी लिहायला येणारा कारकून दुसरीकडे गेला होता, आणि आज कोण येणार असं ठकीने विचारलं तेव्हा त्या संगणकावरून नजर न काढता म्हणाल्या, "कुणालाही घेऊन जा मोजणीताई. शून्य तर लिहायचंय."

ते वाक्य ठकीला तोंडात मारल्यासारखं लागलं. ती घरी आली आणि तिने दादाला पकडलं.

दादाचा शिंपल्यांचा धंदा. धक्क्यामागे त्याची शेड होती. तिथे शिंपले धुवायचे, चाळणीवर लहानमोठे निवडायचे, पोत्यांत भरायचे. लहानपणी तो तारामाशांना दगड मारायचा आणि बाबांचा मार खायचा. रोग आला तेव्हा त्याने हात जोडून समुद्राचे आभार मानले होते. पहिले सहा महिने शेडच्या दारात शिंपल्यांचे ढीग लागले आणि दादा शीळ घालत हिंडला. मग शीळ बंद झाली. शिंपले दाटीवाटीने एकमेकांवर चढून बसले होते, कुणालाच पोटभर मिळत नव्हतं, आणि चाळणीवर दहातले आठ खाली गळून पडायला लागले. जरा समुद्र खवळला की चटईसारखे थरच्या थर सुटून काठाला लागायचे आणि कुजायचे. त्या वासाने त्याच्या शेडमधली माणसं कुरकुरत होती. हे त्याने ठकीला कधी सांगितलं नाही. तारामाशांच्या बाजूने एक शब्द बोलायलाही त्याची जीभ रेटत नव्हती.

"लिहायचं काय त्यात?" त्याने विचारलं.

"मी आकडा सांगेन. तू बघायचं आणि लिहायचं."

"शून्य बघायचं कसं ते आधी शिकव," दादा म्हणाला, पण आला.

पावणेआठला दोघं खाली उतरली. पाणी चांगलंच मागे गेलं होतं. बुटाखाली शिंपले करकर वाजत होते, पूर्वी इथे शेवाळावरून घसरायला व्हायचं. भरल्या खडकावर ठकीने चौकट ठेवली, वाकली, प्रत्येक फट बघितली, दगड उलथून परत तसाच ठेवला. चाळीस चौकटी. प्रत्येक वेळी "शून्य" म्हणताना तिचा आवाज थोडा बारीक होत गेला. दादा प्लॅस्टिकच्या पाटीवर कागद लावून शून्यं काढत होता आणि मधूनमधून वाकून शिंपले निरखत होता. "हे बघ, एवढुसे," तो स्वतःशीच म्हणाला. "काय करायचं यांचं?"

मोकळा खडक उरला. इथे तर एकतीस वर्षं शिंपलेच होते. इथे शोधायचं काय? तरी शोधायचं, कारण नियम. ठकीच्या डोक्यात आता खडक नव्हतेच. घरी गेल्यावर बाबांना काय सांगायचं, त्यांचा चेहरा कसा होईल, वह्या कुठल्या कपाटात जातील, हेच चाललं होतं. चौकट सरकत होती, हात चाचपत होते, तोंड शून्य म्हणत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तारामासा सावध झाला की खडकाला असा चिकटतो की मग पहारही त्याला हलवू शकत नाही, ओढलं तर फाटतो. म्हणून त्याला कळायच्या आत, एका बाजूने बोटं घालून, एका हिसक्यात उचलावा लागतो. थांबून विचार केला की गेला. "विचार डोक्याने करायचा, काढायचं काम हातांचं," हे बाबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि पहिलं वर्षभर तिच्याकडून ते नुसतं घोटून घेतलं होतं. एकोणीस वर्षांत तिच्या हातांनी असे हजारो उचलले होते.

पाचव्या बोल्टखालच्या कपारीत तिची बोटं गेली. काहीतरी खरबरीत, ओलं, घट्ट लागलं. बोटं खाली सरकली, मनगट वळलं, ती अर्धवट उठली, हात मागून पुढे आला, आणि घळीत बुडुक् असा आवाज झाला.

"एक," ठकी म्हणाली. "काढला."

"एक, काढला," दादा पुटपुटला आणि त्याने लिहिलं.

ती पुढच्या चौकटीकडे वळली. चौकट अर्धी उचलली. मग तशीच धरून उभी राहिली.

दादाने कागदाकडे पाहिलं. कागदावर शून्यांच्या रांगेत एक होता. "ठके," तो म्हणाला, "एक म्हणालीस तू."

तिच्या हातातून चौकट पडली. ती खडकाच्या कडेला धावली, बसली, घसरत घळीत उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तळाला काळे शिंपले, वर फेस, आणि भरती सुरू झालेली, दर लाटेला पाणी गढूळ होत होतं. ती दोन्ही हातांनी तळ चाचपत सुटली. जांभळा होता, माझ्या पंज्याएवढा होता, एवढंच ती म्हणत होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. एक लाट तिच्या खांद्यावरून गेली. दुसऱ्या लाटेने तिला खडकावर आदळलं.

"ठके, वर ये. वर ये म्हणतो ना." दादाने पाटी बाजूला टाकली, पालथा पडून हात खाली सोडला आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. कोपर सोलवटलं होतं. ती खडकावर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, नाक पुसत. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो सापडला, आणि तिने तो स्वतःच्या हाताने फेकून दिला होता. दुसरं कुणी हे केलं असतं तर तिने त्याला आयुष्यभर क्षमा केली नसती.

दादा तिच्या शेजारी बसला. त्याला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळत नसे. "हे बघ," तो म्हणाला, "कागदावर एक लिहिलाय. माझ्या हातचा. मी पाहिला म्हणतो, खाली सही ठोकतो. मोजणी चालू. झालं की नाही?"

"तू पाहिलास?"

"तू पाहिलास ना. म्हणजे मीच पाहिल्यासारखं."

ठकीने नाक पुसलं. सोपं होतं. मॅडमनी दुसरा प्रश्न विचारलाही नसता. बाबांना तर आनंदच झाला असता. आणि मुख्य म्हणजे तो फेकला हे कुणालाच सांगावं लागलं नसतं, मोकळ्या खडकावरून काढायचेच असतात. ती हो म्हणायच्या बेतात होती. खरं तर तिने तोंड उघडलंही होतं.

"बाबा विचारतील," ती म्हणाली. "कुठला रंग, कशावर बसला होता, हात किती लांब. त्यांच्यासमोर तू किती वेळ टिकशील?"

दादाने विचार केला. "पाव मिनिट," त्याने कबूल केलं. "बरं, कुठे होता ते तरी दाखव. निदान जागा बघतो."

तिने दाखवली. दादा पोटावर आडवा झाला आणि त्याने कपारीत डोकं घातलं. बराच वेळ तो तसाच राहिला. पाणी आता खडकाच्या पायाशी येऊन परत जात होतं. "दादा, चल," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही, लिहिणाऱ्याने खडकाला हात लावायचा नाही हेही तो विसरला. मग त्याचा हात बाहेर आला, त्यात एक उघडा रिकामा शिंपला होता. मग दुसरा. मग तिसरा. त्याने ते ओळीने मांडले आणि उठून बसला. आपल्या चाळणीसमोर बसतो तसाच.

"हे कुणाचं काम गं?"

"कशाचं?"

"हे शिंपले. बघ. खेकडा खातो तेव्हा कड फोडतो, तुकडे पाडतो. इथे कड शाबूत. गोगलगाय खाते तेव्हा टाचणीएवढं भोक पाडते. भोक नाही. उकळत्या पाण्यात टाकल्यासारखे आ करून उघडलेत, आणि आतून चाटूनपुसून साफ. सांधासुद्धा तुटलेला नाही." त्याने चौथा काढला, पाचवा काढला. "पाच. आत अजून दोन आहेत, हात पोचत नाही. चांगले जाडजूड निवडलेत बेट्याने. मला अख्ख्या आठवड्यात एवढे मोठे मिळाले नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा दादा आपला माल कुणी खाल्ला म्हणून खूश झाला होता. ठकी त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याने कपारीच्या तोंडाशी असलेल्या एका जिवंत शिंपल्याकडे बोट दाखवलं. त्याच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांएवढे पाचसहा फिकट ठिपके चिकटले होते. ठकीला ते लगेच ओळखू आले. तारामाशाला घाईने उपटलं की त्याच्या हातांखालच्या बारीक, नळीसारख्या पायांतले थोडे खडकावर राहतात. त्यांतला एक अजून हळूच आक्रसत होता.

"हलतंय ते," दादा म्हणाला, एकदम हळू आवाजात.

तो शिंपला त्यांनी पाण्यासकट डब्यात घेतला, रिकामे पाच पिशवीत टाकले आणि गुडघाभर पाण्यातून दोघं काठाला आली.

घराच्या पायऱ्या चढताना ठकी मनात वाक्यं जुळवत होती. आधी शिंपले दाखवायचे, मग पाय, मग सावकाश, जमलं तर, फेकल्याचं. दार उघडंच होतं. बाबा खुर्चीत नव्हते. ते दाराच्या चौकटीला धरून स्वतःच्या पायांवर उभे होते आणि त्यांचे दोन्ही गुडघे थरथरत होते.

"काय फेकलंस?" त्यांनी विचारलं.

तिची सगळी वाक्यं गेली.

"खिडकीतून तुझा हात दिसला," बाबा म्हणाले. "मागून पुढे. ती हालचाल मी ओळखतो, माझीच आहे. वर्षभर दिसली नव्हती. काय फेकलंस ठके?"

"तारामासा," ती म्हणाली. "जिवंत होता बाबा. चांगला धट्टाकट्टा. मी नीट बघितलाच नाही, नुसता काढला. कळलं तेव्हा घळीत गेला होता. मी शोधला, खूप शोधला."

दादाने बाबांना खुर्चीत बसवलं. बाबा चिडतील असं ठकीला वाटत होतं, आणि ते चिडले असते तर तिला बरंच वाटलं असतं. बाबांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला, आणि सोलवटलेलं कोपर, सुरकुतलेली बोटं बघत राहिले.

"मीच शिकवलं," ते म्हणाले. "वर्षभर घोटून शिकवलं."

मग त्यांनी भिंग मागितलं. डब्यातला शिंपला त्यांनी उजेडाकडे फिरवून फिरवून बघितला. रिकाम्या शिंपल्यांचे सांधे उघडून मिटून बघितले. दादाला उलटसुलट प्रश्न विचारले: किती आत होते, ओले होते का वाळलेले, आतली चकाकी गेली होती का. दादा एकाही प्रश्नाला अडखळला नाही. तीस वर्षं शिंपल्यांत हात घालून बसलेला माणूस, त्याला या परीक्षेला कुणी याआधी बसवलंच नव्हतं. ठकी आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"लिही," शेवटी बाबा म्हणाले. "दिसले, एक. काढले, एक. आणि तू सही कर, पण जे पाहिलंस तेवढंच लिहून."

दादाने पेन्सिल जिभेला लावली आणि साक्षीच्या रकान्यात लिहिलं: तारामासा पाहिला नाही. तो जेवून गेल्याचं पाहिलं.

मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. "असा रकाना आपल्याकडे नाही मोजणीताई," त्या म्हणाल्या.

"मग करा," ठकी म्हणाली. आपण असं बोललो याचं तिलाच नवल वाटलं. मग मॅडम म्हणाल्या की डबा आणि शिंपले दुपारी घेऊन या, मी स्वतः बघते. त्यांनी बघितले आणि शून्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरायची असं ठरलं.

त्या संध्याकाळी बाबांनी पहिली वही मागून घेतली. मोकळ्या खडकाच्या पानावर एकतीस वर्षांपूर्वीची ओळ होती: दिसेल तो काढावा. त्यांनी ती खोडली नाही. तिच्या खाली, आता तितक्याशा टपोऱ्या न राहिलेल्या अक्षरात, त्यांनी लिहिलं: यापुढे काढू नये. बघायचं होतं ते बघून झालं.

पुढचा महिना ठकीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. घळीचं पाणी गढूळ असायचं. फेकलेला रोगाने गेला असेल, खडकावर आपटून गेला असेल, पाय तुटले म्हणून पकड न येता वाहून गेला असेल. हे सगळं ती भांडी घासताना, रस्त्याने जाताना, केंद्रात नळ्या धुताना उगाळत बसायची. बाबा नुसती दुर्बीण पुसत होते.

मोठ्या ओहोटीच्या सकाळी दादा न बोलावता आला. नवा कारकून आला होता, पण दादाने त्याला शेडमध्ये चहाला बसवून ठेवलं होतं. भरल्या खडकावर चाळीस शून्यं झाली. सगळा काठ तसाच काळा होता आणि तसाच करकरत होता. एका तारामाशाने त्यात काय फरक पडणार, हे ठकीला कळत होतं आणि तरी मोकळ्या खडकाकडे जाताना ती पावलापावलाला घळीत डोकावत होती.

पाचव्या बोल्टपाशी ती वाकली तसा मागून आवाज आला. "हात मागे."

"काय?"

"हात मागे बांध. मग वाक."

तिने हातमोजे काढले, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले आणि तशीच वाकली, शिक्षा झालेल्या शाळकरी पोरीसारखी. कपारीत अंधार होता. डोळे सरावायला थोडा वेळ लागला. आत एका मोठ्या शिंपल्यावर पाठ फुगवून, पंज्याएवढं, जांभळं काहीतरी बसलं होतं. हातांची टोकं जराशी वर वळली होती. पांढरा डाग कुठेही नव्हता. तोच होता की दुसरा, कोण सांगणार.

पाठीमागे तिची बोटं आपोआप हलली. तिने ती एकमेकांत आणखी आवळली.

"एक," ती म्हणाली.

मागून कागदाची सळसळ ऐकू आली नाही. ती तशीच वाकून राहिली. "एक म्हटलं ना दादा. लिही."

दादाने पेन्सिल कानाला खोचली आणि तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

"सरक जरा," तो म्हणाला. "आधी मला बघू दे."